कर्ज फिटलं, नोंद मिटेना

नवी मुंबईत हल्ली माणसाची पत तीन आकड्यांत विचारतात. घणसोलीत वन बीएचके बघायला गेलेल्या जोडप्याला पूर्वी एजंट बजेट विचारायचा. आता फ्लॅटचं कुलूप उघडायच्या आधी विचारतो, "साहेब, सिबिल किती आहे?" वाशीत हप्त्यावर फ्रीज घ्यायला गेलात तरी तोच प्रश्न, नेरूळला स्कूटर घ्यायला गेलात तरी तोच. साडेसातशेच्या वर असाल तर खुर्ची पुढे येते. साडेसहाशेच्या खाली असाल तर "बघतो, फोन करतो" म्हणतात, आणि तो फोन काही येत नाही.

गोष्ट कर्जापुरती राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात जवळपास ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी मुलाचा सिबिल स्कोअर बघायला मागितला आणि तो खराब निघाला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका उमेदवाराची याचिका फेटाळली. त्याची निवड झाली होती, पण जुन्या कर्जांची परतफेड नीट नव्हती म्हणून बँकेने नेमणूक रद्द केली होती आणि कोर्टाने बँकेचं म्हणणं मान्य केलं. घर झालं, गाडी झाली, नोकरी झाली, आता सोयरीकही त्या तीन आकड्यांवर.

कर्ज बुडवणाऱ्याची चौकशी व्हायलाच हवी. पैसे देणाऱ्याला समोरचा माणूस कसा आहे हे कळायला हवं, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. माणसाच्या आयुष्याचे एवढे निर्णय ज्या फाईलवरून होतात, ती फाईल बरोबर आहे का हे त्या माणसाला कोणी विचारत नाही. बँक माहिती पाठवते, कंपनी ती साठवते, दुसरी बँक ती वाचते. ज्याच्या नावाने हे सगळं चालतं, तो बिचारा आपली फाईल पहिल्यांदा बघतो ती अर्ज नाकारला गेल्यावर.

ही व्यवस्था कशी चालते ते एकदा समजून घ्या. कर्ज देणाऱ्यांना घेणाऱ्यांचा पूर्वेतिहास कळावा म्हणून २००० साली मुंबईत सिबिलची स्थापना झाली. २००५ मध्ये या कामासाठी स्वतंत्र कायदा आला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. बोलताना आपण चौघींनाही सिबिलच म्हणतो, आणि तिथेच अनेकांची फसगत होते, कारण फायली चार आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सगळ्या बँका आणि वित्तसंस्थांना चारही कंपन्यांचं सभासद होणं सक्तीचं केलं. पूर्वी महिन्यातून एकदा जाणारी माहिती १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला जाऊ लागली. तुमच्या बँकेतल्या कोणी चुकीचा आकडा भरला, तर तो काही दिवसांतच चारही दप्तरांत पोचतो. तो दुरुस्त होऊन यायला मात्र महिने लागतात.

कोपरखैरण्यात राहणारा एक माथाडी कामगार माझ्या ओळखीचा आहे. तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहून त्याने मुलं शिकवली. सिडकोच्या घरासाठी अर्ज केला, तळोज्यात घर लागलं. सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६,००० घरांची योजना काढली, त्यात असे हजारो अर्ज होते. घर लागल्यावर खरी धावपळ सुरू होते. वाटपपत्र हातात पडतं, हप्त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात आणि कर्ज त्या तारखांच्या आत मंजूर व्हावं लागतं. हा गडी कागदपत्रं घेऊन बँकेत गेला. पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, सगळं चोख. तिथल्या मुलीने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचं एक लोन थकलंय."

थकलेलं लोन कुठलं, तर मोटारसायकलचं. ते फेडून झालं होतं. बँकेने दिलेली एनओसी घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती. एमएच ४३ च्या आरसी बुकवरून बँकेचा बोजा उतरला होता. कर्ज संपल्याचं आरटीओला माहीत होतं. बँकेच्या वसुली विभागालाही माहीत असणार, कारण त्यांचा एकही फोन आला नव्हता. माहीत नव्हतं ते फक्त या फाईलला.

फाईलचा अहवाल मी त्याच्याबरोबर बसून वाचला. प्रत्येक कर्जाखाली चौकोनांची एक पट्टी असते, एका महिन्याचा एक चौकोन, मागच्या छत्तीस महिन्यांचे. हप्ता वेळेवर असेल तर चौकोनात तीन शून्यं येतात. उशीर असेल तर तो किती दिवसांचा तेवढा आकडा येतो. या माणसाच्या पट्टीत सुरुवातीला सगळीकडे तीन शून्यं होती. एकही हप्ता चुकलेला नाही. कर्ज संपायच्या महिन्यानंतर मात्र ०२९, मग ०६०, मग ०९०, आणि पुढे दर महिन्याला आकडा वाढतच गेला होता. खात्याच्या शिल्लक रकमेपुढे लिहिलं होतं ५९०. पाचशे रुपये बाउन्स चार्ज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. कधीतरी लागलेला तो चार्ज सिस्टिममध्ये तसाच उघडा राहिला, म्हणून खातं बंद झालं नाही. खातं बंद नाही म्हणून दर महिन्याला थकबाकीचे दिवस मोजले गेले. त्या ५९० रुपयांची मागणी करणारं पत्र नाही, एसएमएस नाही. एनओसी देणारी बँक तीच आणि थकबाकीदार ठरवणारीही तीच.

बँकेतून त्याला सल्ला मिळाला, "दादा, ५९० भरून टाका ना, विषय संपेल." असा सल्ला रोज शेकडो लोकांना मिळत असणार आणि शेकडो लोक तो ऐकून पैसे भरत असणार. कृपा करून भरू नका. नुसते पैसे भरल्याने शिल्लक शून्य होते, खातं बंद होतं, पण मागचे चौकोन तसेच राहतात. तुम्ही तीन महिन्यांहून जास्त थकवलं होतं आणि मग भरलं, असाच त्याचा अर्थ पुढची बँक लावते. ही माहिती कंपन्यांना किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. चुकीची थकबाकी भरणं म्हणजे ती कबूल करणं. आधी लेखी तक्रार करा, महिन्यांच्या नोंदींसह सगळं दुरुस्त करून मागा, आणि रक्कम खरंच देणं लागत असाल तर ती का लागते याचा हिशेब लेखी घ्या.

हे ५९० रुपयांचं प्रकरण किती महाग पडू शकतं तेही सांगतो. समजा कर्ज नाकारलं नाही, नुसतं अर्धा टक्का जास्त व्याजाने दिलं. तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी २६,०३५ रुपयांचा हप्ता बसतो, नऊ टक्क्यांनी २६,९९२ चा. महिन्याला ९५७ रुपये जास्त. वीस वर्षांत दोन लाख तीस हजारांच्या आसपास. एका कारकुनी चुकीसाठी माथाडी कामगाराने हे पैसे कोणत्या न्यायाने भरायचे?

पुढची धावपळ नवी मुंबईतल्या कुठल्याही कर्जदाराला पाठ असेल. शाखा म्हणते हेड ऑफिसला मेल करा. हेड ऑफिस म्हणतं कस्टमर केअरला फोन करा. कस्टमर केअर म्हणतं आम्हाला इथून काही दिसत नाही, सिबिलला लिहा. सिबिलला लिहिलं की उत्तर येतं, संबंधित बँकेने पुष्टी दिल्याशिवाय बदल करता येत नाही. आणि हे शेवटचं उत्तर कायद्याला धरून आहे. २००५ च्या कायद्याचं कलम २१ वाचा. आपली माहिती मागण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट दिलेला आहे, मुदत तीस दिवसांची आहे. पण माहिती जिने पाठवली ती संस्था बरोबर म्हणेल तेव्हाच दुरुस्ती होते. नोंद चुकवली बँकेने, आणि ती चुकली होती असा दाखलाही बँकेनेच द्यायचा. एनओसी हातात असलेल्या माणसाचा शब्द त्यात कुठेच नाही.

आपल्या भागातल्या मूळ गावकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर एक चुकीचा फेरफार चढला की तो उतरवायला किती वर्षं जातात हे बेलापूर पट्टीतल्या घराघराला माहीत आहे. सिडकोच्या भूसंपादनानंतर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी ज्यांनी हेलपाटे मारले, त्यांना नोंदीची ताकद कळते. ही फाईल म्हणजे तुमच्या पैशाच्या व्यवहारांचा सातबारा. सातबारा वर्षातून एकदा काढून बघतो तशी हीसुद्धा बघायला हवी.

फाईल उघडल्यावर लोकांना सर्वात जास्त धक्का बसतो तो जामीनकीचा. सहकारी बँकांच्या आपल्या महाराष्ट्रात जामीन राहणं ही घरोब्याची गोष्ट आहे. कंपनीतला सहकारी येतो, "एक सही हवी होती" म्हणतो, आपण करतो. नाही कसं म्हणायचं? मित्राच्या मुलीचं लग्न असतं, भावाचं दुकान असतं. ते कर्ज तुमच्या फाईलमध्ये येतं, पुढे 'जामीनदार' असं लिहून. त्याने हप्ते थकवले तर डाग तुमच्याही नावावर. ही चूक नव्हे, तो नियमच आहे. म्हणून ज्याला ज्याला सही दिलीत त्याचं कर्ज चालू आहे की संपलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यात संकोच धरू नका. सहकारी बँकांमधल्या सज्जन संचालकांनीही जामीनदाराला सही करण्याआधी हे तोंडी आणि लेखी सांगावं. आजवर मी तरी असं सांगताना कोणाला ऐकलेलं नाही.

नावांची गल्लत हा आणखी एक प्रकार. आपल्याकडे एकेका गावात एकाच नावाचे पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर कितीतरी. इंग्रजीत नाव लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे, वडिलांचं नाव गाळलेलं, जन्मसाल एकच, की दुसऱ्याचं कर्ज तुमच्या फाईलला येऊन चिकटतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि फाईल दोन ठिकाणी अर्धी अर्धी.

आणि जो प्रकार वाढतोय तो चोरीचा. तुमचा पॅन वापरून दुसराच कोणी मोबाईल ॲपवरून चार-दोन हजारांचं कर्ज उचलतो आणि थकवतो. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव याने जाहीर सांगितलं होतं की त्याच्या पॅनवर कोणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं आणि त्याचा स्कोअर खाली आला. तो नामवंत आहे, त्याची बातमी झाली. रबाळे आणि महापे एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आधार-पॅनच्या झेरॉक्स देऊन कामाला लागणाऱ्या पोरांची बातमी कोण करणार? झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते पेनाने लिहून द्या. अनोळखी कर्ज फाईलमध्ये दिसलं तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्या कर्ज कंपनीला आणि चारही ब्युरोंना, म्हणजे फायली ठेवणाऱ्या त्या चार कंपन्यांना, लिहा. पोलीस तक्रारीची प्रत पुढे फार उपयोगी पडते.

फाईल बघायला पैसे लागत नाहीत, हे अजूनही लोकांना ठाऊक नाही. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या आदित्य पुरी समितीने तशी शिफारस केली, आणि १ जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येकाला दर कॅलेंडर वर्षी एक पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, फुकट देणं बंधनकारक आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल. तीन-तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढलात तर वर्षभर लक्ष राहतं. या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर शिरलं की महिन्याच्या, वर्षाच्या वर्गणीचे फलक डोळ्यांसमोर नाचवतात. ते बाजूला सारा आणि मोफत वार्षिक अहवालाचा दुवा शोधा. तो ठळक दाखवावा असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पॅन, जन्मतारीख, मोबाईल आणि ओटीपी एवढंच लागतं. 'फुकट स्कोअर बघा' म्हणणाऱ्या इतर ॲपांपासून मात्र चार हात लांब राहा. तिथे नंबर दिला की रात्रंदिवस कर्जाचे फोन सुरू होतात. आपली फाईल आपण बघितल्याने स्कोअर घसरत नाही. ही भीती निराधार आहे, आणि ती पसरवणाऱ्यांनी लोकांचं फार नुकसान केलंय.

फाईल उघडलीत की आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते बघा. अनोळखी पत्ता दिसला तर तिथेच थांबा आणि पुढचं सगळं बारकाईने वाचा. मग प्रत्येक कर्ज आणि क्रेडिट कार्ड. बंद केलेलं खातं बंद दाखवतंय का? 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असा शेरा कुठे आहे का? वसुली एजंट "निम्म्यात मिटवून टाका" म्हणतो तेव्हा लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण तो 'सेटल्ड' शेरा पुढची बँक पूर्ण फेड मानत नाही. शेवटी चौकशांची यादी. तुम्ही अर्जच न केलेल्या संस्थेने तुमची फाईल मागवली असेल तर ते इथे कळतं.

चूक सापडली की दोन्हीकडे एकाच दिवशी लिहा, ब्युरोच्या तक्रार अर्जात आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. एनओसी, शेवटच्या हप्त्याची पावती, खातेउतारा जोडा. तक्रार क्रमांक आणि तारीख वहीत नोंदवा. त्या तारखेवर पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने या कामातल्या उशिराला दंड लावलाय. तो २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार आल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर एकतिसाव्या दिवसापासून रोज शंभर रुपये तक्रारदाराला द्यायचे. बँकेने एकवीस दिवसांत ब्युरोला दुरुस्त माहिती पाठवली नाही तर बँकेने द्यायचे. तिने वेळेत पाठवली आणि ब्युरोने रेंगाळत ठेवलं तर ब्युरोने. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात जमा व्हायला हवेत, आणि त्यासाठी बँक खातं किंवा यूपीआयचा तपशील तक्रारीच्या वेळीच घ्यायचा असतो. दुरुस्ती नाकारली तर कारण सांगणंही बंधनकारक आहे. "सिस्टिममध्ये तसंच दिसतंय" हे कारण होत नाही.

हा नियम आला याचं मी मनापासून स्वागत करतो, पण तो अपुरा आहे. रोजचे शंभर रुपये एका मोठ्या बँकेला काय जाणवणार? जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही ब्युरोंना दंड केला होता. चौघांचा मिळून जेमतेम कोटीभर. ज्यांच्याकडे देशातल्या कोट्यवधी लोकांच्या फायली आहेत त्यांना ही रक्कम किरकोळ आहे. माझी मागणी साधी आहे. भरपाईची मोजणी तक्रारीच्या एकतिसाव्या दिवसापासून नको, चुकीची नोंद चढली त्या दिवसापासून करा. माथाडी कामगाराच्या फाईलवर आकडे महिनोनमहिने वाढत होते, तेव्हा त्याने तक्रार केली नव्हती, कारण त्याला पत्ताच नव्हता. तो न कळण्याचा काळ बँकेच्या फायद्यात का मोजायचा? आणि बोजा उतरवल्याचा कागद ज्या बँकेने स्वतः दिला आहे, तिथे पुष्टीची वाट न बघता ब्युरोने नोंद तात्पुरती झाकून ठेवावी. कायद्यात तेवढा बदल करायला संसदेला एक दुपार पुरेल.

आता थकबाकीची नोंद पाठवताना बँकेने कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेल करायचा, आणि कोणी तुमची फाईल उघडली तर ब्युरोने कळवायचं, असाही आदेश २६ ऑक्टोबर २०२३ लाच निघाला. पण हे निरोप जुन्या नंबरवर गेले तर उपयोग शून्य. मोबाईल नंबर बदललात तर ज्या ज्या बँकेत कर्ज किंवा कार्ड आहे तिथे तो बदलून घ्या. नंबर बदलणाऱ्या शंभरातल्या किती जणांना हे सुचतं?

तीस दिवस गेले, उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १ सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. वकील लागत नाही, फी नाही. बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे म्हणून तिथे अर्ज घेऊन धावू नका. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन करायची. अडलं तर १४४४८ या क्रमांकावर विचारा.

रेल्वे स्थानकांबाहेर खांबांवर 'सिबिल क्लिअर करून मिळेल' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावर एक रुपयाही उधळू नका. खरी थकबाकी कोणाच्याही ओळखीने पुसली जात नाही, आणि खोटी पुसायला तुम्हाला कायद्याने फुकट मार्ग दिलेला आहे. हे लोक तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी घेतात. पुढे त्याचं काय होईल ते वर सांगितलंच.

राज्यकर्त्यांनाही दोन शब्द. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शेतकऱ्यांच्या पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं बँकांना बजावलं. ते बोलले ते बरं झालं. पण शेतकऱ्याच्या फाईलमध्ये चुकीची नोंद असेल तर ती बैठकीतल्या तंबीने जात नाही, आणि पीककर्जाबाहेरच्या प्रत्येक कर्जाला ती आडवी येतेच. जिल्हा अग्रणी बँकेने तालुक्याला महिन्यातून एक दिवस दुरुस्तीचं शिबिर भरवावं, तिथे सगळ्या बँकांचे अधिकारी बसवावेत, अशी सक्ती सरकारने करून दाखवावी. नवी मुंबईत सुरुवात सिडकोने करावी. सोडतीचा निकाल लागतो त्याच आठवड्यात विजेत्यांसाठी असं शिबिर घेतलं, तर चुकीच्या नोंदीपायी घर हातचं जाण्याची वेळ येणार नाही.

ज्यांनी आयुष्यात कधी कर्जच काढलं नाही त्यांच्या फाईलवर स्कोअरऐवजी उणे एक दिसतो. घाबरू नका. पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे, आणि किमान स्कोअरची कुठलीही सक्ती नाही हे सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. बँकेत कोणी "सिबिल नाही म्हणून लोन नाही" म्हणालं, तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की बोलण्याचा सूर बदलतो.

त्या माथाडी कामगाराचं अजून मिटलेलं नाही. तीस दिवस उलटलेत आणि त्याने बँकेकडून रोजचे शंभर रुपये मागितले आहेत. तुम्ही या आठवड्यात निदान एका कंपनीचा अहवाल काढा, घरातल्या प्रत्येकाचा. आईवडिलांचा आधी काढा, कारण जामीनकीच्या सह्या त्यांनी सर्वात जास्त केलेल्या असतात. यंदाचे मोफत अहवाल ३१ डिसेंबरपर्यंतच मागता येतात. न मागितलेला अहवाल पुढच्या वर्षात जमा होत नाही.